चार, अकरा, तेरा की पंधरा? ग्रीन बे पॅकर्सच्या विजेतेपदांचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: लेक-जावई अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला असतात. जावई म्हणतो, तिथला अमेरिकन फुटबॉलचा संघ ग्रीन बे पॅकर्स १३ वेळा विजेता. यजमानांनी सुपर बोलची, म्हणजे हल्लीच्या अंतिम सामन्याची, यादी काढली, तर पॅकर्सच्या नावापुढे फक्त ४. भाच्याने कुठेतरी ‘लीगची ११ विजेतेपदं आणि ४ सुपर बोल’ असं वाचलं आणि बेरीज करून १५ चा आकडा ठोकून दिला. आमरसाच्या जेवणावर पैज लागली आहे. बरोबर कोण?

ताई, निकाल आधीच सांगतो. जावई बरोबर आहे, १३. पण बाकीचे दोघंही हवेतून बोलत नाहीयेत. ४, ११ आणि १३ हे तिन्ही आकडे खरे आहेत, मोजणी वेगवेगळी आहे एवढंच. १५ मात्र चुकीच्या बेरजेतून आला. आणि त्या १३ मधलं एक विजेतेपद असं आहे, की आजच्या नियमाने ते पॅकर्सना मिळालंच नसतं. दुसरं एक, जे आजच्या नियमाने त्यांचं ठरलं असतं, ते हातातून गेलं. त्याबद्दल जरा लांबण लावणार आहे.

मी कोण, तेही सांगतो. दिवसा कारखान्यात नोकरी, आणि गेली बावीस वर्षं शुक्रवारी संध्याकाळी विस्कॉन्सिनमधल्या शाळांच्या फुटबॉल सामन्यांत पंच. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, गळ्यात शिट्टी, खिशात नियमभंग दिसला की टाकायचा पिवळा रुमाल. या पंचगिरीमुळे एक खोड लागली आहे. लोकांना सामन्यात खेळाडू दिसतात, मला आधी नियम दिसतो. तेव्हा हा इतिहास नियमपुस्तकाच्या बाजूने सांगतो.

आधी वर्षांचा घोळ मिटवू या. हंगाम सप्टेंबरला सुरू होतो आणि बाद फेरी जानेवारीत जाते, हल्ली अंतिम सामना तर फेब्रुवारीत. त्यामुळे ‘२०१० चं विजेतेपद’ म्हणजे फेब्रुवारी २०११ मध्ये झालेला सामना. वर्ष हंगामाचं धरायचं, सामन्याचं नाही. यजमानांच्या यादीत एखाद्या ठिकाणी २०१० आणि दुसऱ्या ठिकाणी २०११ दिसलं असेल, तर ते एकच आहे.

आता १३ ची फोड. १९२९, १९३०, १९३१, १९३६, १९३९, १९४४, १९६१, १९६२, १९६५, १९६६, १९६७, १९९६, २०१०. यातली पहिली नऊ सुपर बोल जन्माला येण्याआधीची. शेवटच्या चारांत सुपर बोल आहे, म्हणून यजमानांचे ४. भाच्याची चूक बारीक आहे, पण ती पुष्कळ लोक करतात. १९६६ आणि १९६७ या दोन हंगामांत पॅकर्स आधी आपल्या लीगचे विजेते झाले आणि त्यानंतर सुपर बोलही जिंकले. लीगच्या यादीत ती दोन वर्षं येतात, म्हणून ११. सुपर बोलच्या यादीत तीच दोन पुन्हा येतात. ११ आणि ४ मिळवले की ती दोन वर्षं दोनदा मोजली जातात. एका हंगामाचा विजेता एकच, म्हणून १५ मधून २ वजा करा. १३.

इथे उत्तर संपवता आलं असतं. पण जावयाचा आकडा बरोबर असला, तरी तो कशातून आला हे त्यालाही ठाऊक नसण्याची शक्यता दाट आहे.

ग्रीन बे हे मिशिगन सरोवराच्या आखाती टोकाला वसलेलं गाव. आजही वस्ती लाखाच्या थोडी वर. १९१९ च्या ऑगस्टमध्ये कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणाने आणि जॉर्ज कॅल्हून या वार्ताहराने तिथल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत बैठक घेऊन संघ उभा केला. लॅम्बो इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरीला होता. ही मांस डबाबंद करणारी कंपनी. तिने गणवेशासाठी ५०० डॉलर दिले आणि संघाला नाव पडलं पॅकर्स. (नावात ‘इंडियन’ आहे म्हणून उगाच छाती फुगवू नका, आपला काही संबंध नाही.) १९२१ मध्ये संघ राष्ट्रीय लीगमध्ये शिरला आणि पहिल्याच वर्षी हाकलला गेला, कारण कॉलेजची पोरं खोट्या नावांनी खेळवताना पकडली गेली. लॅम्बोने खटपट करून १९२२ मध्ये परत प्रवेश मिळवला.

त्या काळात अंतिम सामना नावाचा प्रकारच नव्हता. हंगाम संपला की तक्ता बघायचा, वरचा संघ विजेता. वेळापत्रकही लीग आखत नसे, संघ आपापसांत ठरवत. त्यामुळे कोणी १४ सामने खेळे, कोणी १७. सामने सारखे नसले की गुण मोजून भागत नाही, म्हणून टक्केवारी काढत. आणि टक्केवारी काढताना बरोबरीचा सामना धरायचाच नाही, जणू झालाच नाही, असा नियम होता.

१९२९ ला या नियमाने काही बिघडलं नाही. त्या वर्षी लॅम्बोने तीन रांगडे गडी आणले: कॅल हबर्ड, माइक मिखाल्स्की आणि जॉनी मॅकनॅली, ज्याला सगळे जॉनी ब्लड म्हणत. पॅकर्स १२ जिंकले, हरले एकही नाही, एक बरोबरीत सुटला. अख्ख्या हंगामात त्यांच्यावर फक्त २२ गुण झाले. न्यू यॉर्क जायंट्स १३ जिंकले आणि एक हरले. तो एक पराभव पॅकर्सकडूनच, न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, २०-६. वाद घालायला जागाच नव्हती.

खरी गंमत १९३० ची. पॅकर्स १० विजय, ३ पराभव, १ बरोबरी. जायंट्स १३ विजय, ४ पराभव. पॅकर्सची शेवटची झुंज ओहायोतल्या पोर्ट्समथ गावी होती आणि ती ६-६ अशी सुटली. तीच ती बरोबरी. हरले असते, तर १० ला ४ होऊन खाली घसरले असते. बरोबरी झाल्यामुळे तो सामना हिशेबातूनच उडाला. १३ पैकी १०, म्हणजे ०.७६९. जायंट्सचे १७ पैकी १३, म्हणजे ०.७६५. चार सहस्रांशांनी विजेतेपद!

आता हाच तक्ता आजच्या नियमाने मांडा. १९७२ पासून लीगमध्ये बरोबरी म्हणजे अर्धा विजय आणि अर्धा पराभव. आपल्याकडे क्रिकेटमध्ये पावसाने सामना वाया गेला की एकेक गुण वाटून देतात, तसंच. पॅकर्सचे १४ सामन्यांत साडेदहा, म्हणजे ०.७५०. जायंट्स जागेवरच, ०.७६५. विजेतेपद न्यू यॉर्कला.

म्हणून १९३० चं विजेतेपद खोटं का? पंच म्हणून माझं स्पष्ट मत आहे, नाही. दोन्ही संघांना नियम हंगामाआधी ठाऊक होता. नंतर बदललेला नियम मागे लावून निकाल फिरवायला लागलो, तर कुठलीच जुनी यादी शाबूत राहणार नाही. शिवाय नियतीने त्याची परतफेड दोनच वर्षांत केली.

मधलं १९३१ पटकन सांगतो. पॅकर्स १२-२, पोर्ट्समथ ११-३. पोर्ट्समथवाल्यांचं म्हणणं होतं, शेवटी आमच्याशी एक सामना ठरला आहे, तो खेळा. आम्ही जिंकलो तर दोघेही १२-३. लॅम्बो म्हणाला, तो सामना पक्का नव्हताच, ‘जमलं तर’ असा होता. लीगचे अध्यक्ष जो कार यांनी लॅम्बोची बाजू उचलून धरली. पॅकर्स सलग तिसऱ्यांदा विजेते. पोर्ट्समथमध्ये लोक किती चिडले असतील याची कल्पना करा. कायद्याने लॅम्बो बरोबर. मैदानावर उतरला असता, तर मला तो जास्त आवडला असता.

१९३२. पॅकर्स १० विजय, ३ पराभव, १ बरोबरी. हुबेहूब १९३० चाच तक्ता. शिकागो बेअर्स ६ विजय, १ पराभव आणि तब्बल ६ बरोबऱ्या. त्यांच्या हंगामाची सुरुवातच तीन ०-० ने झाली होती. पोर्ट्समथ ६ विजय, १ पराभव, ४ बरोबऱ्या. बरोबऱ्या उडवल्या की बेअर्स आणि पोर्ट्समथ दोघेही ७ पैकी ६, म्हणजे ०.८५७. दहा सामने जिंकलेले पॅकर्स ०.७६९ वर तिसरे. आजच्या नियमाने पॅकर्स ०.७५०, पोर्ट्समथ ०.७२७, बेअर्स ०.६९२. म्हणजे ज्या नियमाने १९३० दिलं, त्याच नियमाने १९३२ काढून घेतलं. सलग चौथं विजेतेपद असं गेलं. तेव्हा कोणी ‘१९३० मोजू नका’ म्हणालं, तर त्याला म्हणावं, बरं, मग १९३२ द्या. बेरीज पुन्हा १३.

त्या वर्षी बेअर्स आणि पोर्ट्समथ यांची कोंडी फोडायला एक जादा सामना खेळवला गेला. बाहेर थंडी आणि बर्फ, म्हणून शिकागो स्टेडियमच्या छताखाली, जेमतेम ८० यार्डांच्या आखूड मैदानावर. बेअर्स ९-० ने जिंकले. लोकांना तो असा काही आवडला, की १९३३ पासून लीगने दोन विभाग केले आणि दोन्ही विभागांच्या विजेत्यांमध्ये अंतिम सामना सुरू केला. सुपर बोलची आजी म्हणायची ती हीच. तक्त्याचा जमाना संपला.

पुढची तीन विजेतेपदं या नव्या पद्धतीची. १९३६ मध्ये बॉस्टन रेडस्किन्सवर २१-६. सामना बॉस्टनचा होता, पण तिथे प्रेक्षक येत नाहीत म्हणून वैतागून मालकाने तो न्यू यॉर्कला हलवला. १९३९ मध्ये जायंट्सवर २७-०, मिलवॉकीजवळच्या जत्रेच्या मैदानावर. १९४४ मध्ये पुन्हा जायंट्स, १४-७, दोन्ही टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) टेड फ्रिचचे. या काळातला माणूस म्हणजे डॉन हटसन. तोवर फुटबॉल म्हणजे चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसायचं. हटसन ठरवून दिलेल्या वाटेने पळायचा, अचानक वळायचा आणि चेंडू नेमका तिथे यायचा. आज चेंडू झेलणारा प्रत्येक जण जे करतो, त्याची मुळाक्षरं त्याने गिरवली. १९४२ मध्ये त्याने एका हंगामात १७ टचडाउन झेलले. कारकिर्दीतला त्याचा ९९ टचडाउन झेलण्याचा विक्रम १९८९ पर्यंत टिकला.

इथे एक आडवळण घेतो, कारण ‘लाखभर वस्तीच्या गावात हा संघ टिकला कसा’ हा प्रश्न पुढे येणारच. पॅकर्सना मालक नाही. १९२३ मध्ये संघ बुडायला आला, तेव्हा गावकऱ्यांनी ५ डॉलरला एक असे भाग विकत घेतले. १९३५ मध्ये पुन्हा तीच वेळ. स्टँडवरून पडलेल्या एका प्रेक्षकाने दावा जिंकला होता आणि विमा कंपनीच बुडाली होती. १९५० मध्ये पुन्हा. पुढे १९९७, २०११ आणि २०२१ मध्येही भागविक्री झाली, पण ती मुख्यतः मैदानाच्या कामांसाठी. आज पाच लाखांवर भागधारक आहेत. लाभांश नाही, भागाची किंमत वाढत नाही. आपल्या साखर कारखान्याच्या सभासदाला निदान साखर तरी मिळते, इथे भिंतीवर टांगायला एक प्रमाणपत्र मिळतं. २०२१ मध्ये मीही ३०० डॉलर देऊन ते घेतलं. बायको त्याला ‘तीनशे डॉलरचं कॅलेंडर’ म्हणते.

दुसरं कारण टीव्हीचा पैसा. साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून राष्ट्रीय प्रक्षेपणाचं उत्पन्न सगळ्या संघांत सारखं वाटलं जातं. न्यू यॉर्कला जेवढं, तेवढंच ग्रीन बेला. हे नसतं, तर पॅकर्सही पोर्ट्समथसारखे कधीच दुसऱ्या शहरात गेले असते. (पोर्ट्समथचा संघ १९३४ मध्ये डेट्रॉइटला गेला, तेच आजचे लायन्स.)

आता साठचं दशक, ज्यामुळे हे नाव जगभर गेलं. १९५८ मध्ये पॅकर्सनी १२ पैकी १ सामना जिंकला, १० हरले. संघाचा तळ. पुढच्या वर्षी न्यू यॉर्कहून विन्स लोम्बार्डी प्रशिक्षक म्हणून आले आणि लगेच ७-५. १९६० मध्ये अंतिम फेरी. तिथे फिलाडेल्फिया ईगल्सकडून १७-१३ ने हरले. शेवटच्या क्षणी चेंडू घेऊन पळणाऱ्या जिम टेलरला एंड झोनपासून (टचडाउनसाठी गाठायचा टोकाचा पट्टा) नऊ-दहा यार्डांवर ईगल्सच्या चक बेडनॅरिकने लोळवलं आणि वेळ संपली. लोम्बार्डींनी बाद फेरीत हरलेला हा पहिला सामना, आणि शेवटचाही. त्यानंतर नऊच्या नऊ जिंकले.

१९६१ च्या अंतिम सामन्यात जायंट्सचा ३७-० ने धुव्वा. सैन्यातून सुटी घेऊन आलेल्या पॉल हॉर्नंगने एकट्याने १९ गुण केले. ग्रीन बे गावात झालेला हा पहिला अंतिम सामना. १९६२ मध्ये तेच जायंट्स, यांकी स्टेडियमवर, हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यात १६-७. जेरी क्रेमर हा मुळात गार्ड, म्हणजे समोरच्याला अडवणारा दांडगा माणूस. त्याने त्या वाऱ्यात तीन फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारून मिळवायचे तीन गुण) मारले.

लोम्बार्डींचा हुकमी डाव म्हणजे ‘पॅकर स्वीप’. यात छुपं काहीच नव्हतं. क्रेमर आणि फझी थर्स्टन हे दोन्ही गार्ड आपली जागा सोडून बाजूला पळत सुटायचे आणि मागून चेंडू घेऊन हॉर्नंग किंवा टेलर. समोरच्याला दिसायचं, कळायचं, तरी थांबवता यायचं नाही. शाळेची पोरं अजूनही हा डाव शिकतात आणि निम्म्या वेळा दोघं गार्ड एकमेकांनाच धडकतात. पंचांना हसायची परवानगी नसते.

१९६५ मध्ये पुन्हा नियमाचं प्रकरण आलं, म्हणून थांबतो. पॅकर्स आणि बाल्टिमोर कोल्ट्स पश्चिम विभागात बरोबरीत आले, म्हणून २६ डिसेंबरला ग्रीन बेला निर्णायक सामना. कोल्ट्सचे दोन्ही क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारे खेळाडू) जखमी, म्हणून टॉम मॅटी हा धावणारा खेळाडू मनगटाच्या पट्टीवर डाव लिहून क्वार्टरबॅक झाला होता. पॅकर्सचा क्वार्टरबॅक बार्ट स्टारही पहिल्याच चालीत जखमी होऊन बाहेर. शेवटच्या दोन मिनिटांच्या आत पॅकर्सच्या डॉन चँडलरने २२ यार्डांवरून मारलेला फील्ड गोल पंचांनी ग्राह्य धरला आणि १०-१० झाले. चेंडू खांबाच्या टोकाहून उंच गेला होता. तो आतून गेला की बाहेरून, हे बाल्टिमोरची म्हातारी मंडळी आजही सांगतील: बाहेरून. जादा वेळेत चँडलरनेच १३-१० केले. पुढच्याच हंगामापासून गोलचे खांब आडव्या दांड्याच्या वर २० फूट उंच करण्यात आले. आपण चुकलो असं लीग कधी म्हणाली नाही, पण खांब उंच केले. माझ्या मते ती कबुलीच होती. पुढे क्लीव्हलँड ब्राउन्सवर २३-१२, आणि १९६५ चं विजेतेपद.

त्या वेळी एक दुसरी लीगही उभी राहिली होती, अमेरिकन फुटबॉल लीग. खेळाडू पळवापळवीने दोन्हीकडचे मालक जेरीला आले आणि १९६६ मध्ये विलीनीकरण ठरलं. प्रत्यक्षात ते १९७० मध्ये झालं. मधल्या चार हंगामांत दोन्ही लीगचे विजेते एकमेकांशी खेळले. तोच सुपर बोल. पॅकर्सनी १ जानेवारी १९६७ ला डॅलस काउबॉइजला ३४-२७ ने हरवून आपली लीग जिंकली. मग १५ जानेवारीला लॉस एंजेलिसमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सवर ३५-१०. मॅक्स मॅगी हा राखीव खेळाडू. आपल्याला खेळायचंच नाही म्हणून आदल्या रात्री मौजमजा करून पहाटे परतला होता. पहिल्या फळीतला खेळाडू जखमी झाला, तेव्हा दुसऱ्याचं शिरस्त्राण घालून उतरला आणि दोन टचडाउन करून आला. आज सुपर बोलचं तिकीट मिळणं दुरापास्त, पण त्या दिवशी मैदान एक तृतीयांश रिकामं होतं.

मग ३१ डिसेंबर १९६७. ‘आइस बोल’. पुन्हा डॅलस, या वेळी ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डवर. सामन्याच्या वेळी तापमान उणे २५ अंश सेल्सिअस, वारा वेगळाच. लोम्बार्डींनी मैदानाखाली विजेच्या तारा घालून घेतल्या होत्या, त्या निकामी ठरल्या. ताडपत्री काढताच ओली जमीन गोठून काचेसारखी झाली. बँडवाल्यांची वाद्यं गोठली, काही पोरांना दवाखान्यात न्यावं लागलं.

आणि शिट्ट्या. त्या धातूच्या होत्या. एका पंचाच्या ओठाला शिट्टी चिकटली आणि काढताना कातडी सोलून निघाली. नंतर पंचांनी तोंडाने ओरडून डाव थांबवले. मी उणे १५ मध्ये सामना सांभाळला आहे, प्लास्टिकच्या शिट्टीने. तेवढ्यातही बोटांना रुमाल सापडत नव्हता. बावीस आडदांड माणसं अंगावर येत असताना नुसत्या आवाजावर खेळ थांबवणं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक.

पॅकर्स १४-० ने पुढे होते, मग १७-१४ ने मागे पडले. चार मिनिटं पन्नास सेकंद उरली असताना चेंडू त्यांच्याकडे आला, ६८ यार्ड जायचं होतं. ते एंड झोनपासून हातभर अंतरावर पोचले. १६ सेकंद शिल्लक, खेळ थांबवून घेण्याची सोय संपलेली. फील्ड गोल मारला असता, तर बरोबरी होऊन जादा वेळ मिळाला असता. ठरलेला डाव चेंडू मागच्या चक मर्सीनला द्यायचा होता. पण पाय घसरतात म्हणून स्टारने सोबतच्या खेळाडूंपैकी कोणालाच न सांगता चेंडू स्वतःकडे ठेवला आणि क्रेमर व केन बोमन यांच्या पाठीमागून आत घुसला. २१-१७.

त्या क्षणाचं प्रसिद्ध छायाचित्र पाहा. स्टार पडलेला, आणि मागे मर्सीन दोन्ही हात वर करून. सगळ्यांना वाटतं तो आनंदाने टचडाउनची खूण करतो आहे. तसं नाही. चेंडू आपल्याकडे येणार म्हणून तो झेपावला होता, आणि स्टारकडेच चेंडू आहे हे दिसताच त्याने हात वर केले, पंचांना दाखवायला, की मी याला ढकलत नाहीये. चेंडू घेतलेल्या खेळाडूला मागून ढकलणं तेव्हा नियमबाह्य होतं. ही बंदी या शतकाच्या पहिल्या दशकात उठली. मग फिलाडेल्फियाने क्वार्टरबॅकला मागून रेटून पुढे नेण्याचा डावच बसवला. तो बंद करा असा प्रस्ताव २०२५ मध्ये कोणी आणला? पॅकर्सनी. ३२ पैकी २४ मतं हवी होती, २२ पडली. प्रस्ताव फेटाळला गेला.

क्रेमर त्या डावात चेंडू सुटण्याच्या पापणी लवण्याइतका आधी हलला होता का (तसं हलणं नियमबाह्य), यावर डॅलसवाले अजून वाद घालतात. चित्रफीत मी अनेकदा पाहिली आहे. मला तो किंचित लवकर वाटतो. पण गोठलेल्या डोळ्यांनी, त्या क्षणी, मी रुमाल टाकला असता का? नसता टाकला.

दोन आठवड्यांनी मायामीत ओकलंड रेडर्सवर ३३-१४, हा दुसरा सुपर बोल. सलग तीन विजेतेपदं: १९६५, १९६६, १९६७. लीगच्या इतिहासात ही तिहेरी फक्त पॅकर्सनी केली आहे, तीही दोनदा. कॅन्सस सिटी चीफ्स फेब्रुवारी २०२५ मध्ये तिसऱ्यासाठी उतरले होते, हरले. लोम्बार्डींनी मायामीनंतर प्रशिक्षकपद सोडलं, सप्टेंबर १९७० मध्ये कर्करोगाने गेले. सुपर बोलच्या चांदीच्या चषकाला त्यांचं नाव दिलं ते त्यानंतर. म्हणजे त्यांनी स्वतः जिंकला, तेव्हा तो लोम्बार्डी चषक नव्हता.

मग चोवीस वर्षं काही नाही. १९६८ ते १९९१ या काळात फक्त दोनदा बाद फेरी. विस्कॉन्सिनमधली ती पिढी अजूनही त्या काळाबद्दल बोलताना विषय बदलते.

१९९२ मध्ये अटलांटाकडून क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह आला, १९९३ मध्ये बचावपटू रेजी व्हाइट. १९९६ च्या हंगामात १३-३, आणि २६ जानेवारी १९९७ ला न्यू ऑर्लिन्समध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सवर ३५-२१. पेट्रियट्स अंतर कमी करत आले होते, तेवढ्यात डेस्मंड हॉवर्डने त्यांनी मारलेला चेंडू झेलून ९९ यार्ड पळत नेला. व्हाइटने क्वार्टरबॅकला तीनदा आडवं केलं. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी, पण डेन्व्हरकडून ३१-२४ ने हार.

२०१० चं शेवटचं. १०-६, आपल्या गटात सहावं मानांकन, पंधरा खेळाडू जखमींच्या यादीत. फिलाडेल्फिया, अटलांटा, शिकागो, तिन्ही सामने परक्या मैदानांवर जिंकून अंतिम फेरी आणि ६ फेब्रुवारी २०११ ला टेक्ससमध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सवर ३१-२५. क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सचे ३ टचडाउन. अर्ध्या सामन्यात बचावपटू चार्ल्स वुडसनचं गळपट्टीचं हाड मोडलं. शाळेतले सगळे पंच तो सामना एकाच घरी बघत होतो आणि प्रत्येक रुमालावर हुज्जत घालत होतो. त्यानंतर २०१४, २०१६, २०१९ आणि २०२० अशा चार हंगामांत सुपर बोलच्या एक पाऊल अलीकडे हरले. २०१४ ला सिॲटलमध्ये हातात आलेला चेंडू सुटला, त्यावर मी बोलत नाही.

तुलनेसाठी: शिकागो बेअर्सची विजेतेपदं ९, जायंट्सची ८. नुसते सुपर बोल मोजले, तर पिट्सबर्ग आणि न्यू इंग्लंड प्रत्येकी ६ घेऊन पॅकर्सच्या पुढे आहेत. यजमानांना बाजू लढवायची असेल, तर त्यांनी पैजेचे शब्द नीट तपासावेत. ‘सुपर बोल किती’ असं विचारलं असेल, तर ते जिंकले. ‘विजेतेपदं किती’ असं असेल, तर जावई. पंधरावाल्या भाच्याने मात्र आंबे आणावेत, आणि तेही हापूस.